संगणक आपल्याला रडवू शकतो का?

भातुकली खेळणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा, "ही तुझी बाहुली खरी आहे का गं?" ती हसेल. बाहुली चिंध्यांची आहे आणि तिच्या पोटात कापूस भरलेला आहे, हे तिला आपल्याइतकेच ठाऊक असते. पण तिच्यादेखत त्या बाहुलीवर पाय देऊन पाहा! बाहुली खोटी आहे हे ज्ञान आणि तिच्याविषयीची माया या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी सुखाने नांदत असतात.

आज पुष्कळ घरांत मुलांची भातुकली संगणकाच्या नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर मांडलेली असते. व्हिडिओ खेळातले एखादे पात्र मेले म्हणून आठवी-नववीतला मुलगा संध्याकाळभर गप्प बसतो, जेवायला नको म्हणतो, आणि घरातली मोठी माणसे म्हणतात, "अरे, गेमच आहे ना तो!" वर्गात असा मुलगा समोर आला तर आपण शिक्षकही बहुधा हेच म्हणू. पण त्याचे दुःख खरे की खोटे? ते येते कोठून? आता पडद्यावरची चित्रे हुबेहूब माणसांसारखी दिसू लागली म्हणून असे होते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे, आणि ते 'नाही' असे आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी खेळणाऱ्यांनी ज्याच्यासाठी डोळे पुसले, अशा एका पात्राचे पडद्यावर चित्रच नव्हते. होती ती फक्त अक्षरे. त्या पात्रापर्यंत आणि तेथून पुढे आजपर्यंत हा धागा कसा आला, ते आपण पाहू.

दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ

सुरुवात व्हिडिओ खेळांच्या जन्माआधीच करावी लागते. अमेरिकेतील स्मिथ कॉलेजमधील फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी एक छोटी मूक चित्रफीत तयार केली होती. तीत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक लहानसे वर्तुळ इकडून तिकडे सरकताना दिसत. शेजारी एक आयत होता आणि त्याच्या कडेचा एक तुकडा दारासारखा उघडत-मिटत असे. बस्स, एवढेच.

ही फीत दाखवून पहिल्या गटातील ३४ जणांना सांगितले, "काय घडले ते लिहा." या ३४ पैकी फक्त एकाच व्यक्तीने 'त्रिकोण अमुक दिशेने सरकला' अशा भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकी सर्वांनी त्या आकृत्यांना सजीव मानले, आणि बहुतेकांनी तर माणसांचीच गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट, लहान त्रिकोण धीट, वर्तुळ बिचारे घाबरलेले. मोठा त्या दोघांच्या मागे लागतो, ती दोघे निसटतात आणि तो रागाने घराची मोडतोड करतो!

येथे कोणाला मुखवटा नाही, डोळे नाहीत, संवाद नाहीत. केवळ हालचाल आहे. पण हालचालीत हेतू शोधणे हा आपल्या मनाचा स्थायीभाव आहे. माणूस कळपाने राहणारा प्राणी. समोरचा जवळ येतो आहे तो मैत्रीने की मारायला, हे चटकन ओळखणे त्याच्या जगण्यासाठी आवश्यक होते. म्हणून मन थांबून पुरावा मागत बसत नाही. थोड्याशा खुणेवरून ते पूर्ण माणूस उभा करते. व्हिडिओ खेळातल्या पात्रांचे पुढचे सारे यश या भांडवलावर उभे आहे.

एलायझाचे बोलणे

दुसरी पायरी बोलण्याची. जोसेफ वायझेनबाउम हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमधील संगणकशास्त्रज्ञ. मूळचे बर्लिनचे, नाझींच्या काळात, १९३६ साली त्यांचे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेत आले. त्यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुलवालीचे. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिले, म्हणजे एलायझा ही आपल्या मंजुळेचीच मूळ बहीण. मंजुळेला जसे शुद्ध बोलायला शिकवता येते, तसे या आज्ञावलीलाही बोलणे शिकवता येईल, असा त्या नावाचा अर्थ.

एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करत असे. तिची युक्ती अगदी साधी होती. माणसाने टंकलेल्या वाक्यात ती ठरावीक शब्द शोधी. 'आई' असा शब्द आला की घरच्यांविषयी आणखी सांगायला सांगे. 'मी' चे 'तुम्ही' करून आपलेच वाक्य प्रश्न बनवून परत देई. काहीच सापडले नाही तर 'पुढे बोला' अशा अर्थाचे मोघम वाक्य टाकी. अर्थ तिला काडीइतकाही कळत नव्हता.

तरी काय झाले? वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी ही आज्ञावली तयार होताना महिनोन्महिने पाहिली होती. ती केवळ आज्ञावली आहे, हे त्या पक्के जाणून होत्या. पण एलायझाशी दोन-चार वाक्ये बोलून होताच त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. खाजगी बोलणे चालले होते ना!

वायझेनबाउम यांना या प्रसंगाने धक्का बसला. एवढ्या साध्या आज्ञावलीशी इतक्या थोड्या वेळात शहाणीसुरती माणसे मनाने गुंततात, ही गोष्ट त्यांना धोक्याची वाटली. १९७६ साली त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर एक पुस्तक लिहिले, त्यामागे ही अस्वस्थता होती. त्यांची ही शंका आपण लक्षात ठेवू. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

गुहेतला 'तू'

याच काळात संगणकावरचे खेळही वाढत होते. १९६२ साली एमआयटीतच 'स्पेसवॉर' हा अवकाशयानांच्या लढाईचा खेळ झाला. १९७२ साली 'पाँग' आला: दोन काठ्या आणि एक चेंडू. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ने जगभर धुमाकूळ घातला. या खेळांत चुरस होती, गुण होते, पण पडद्यावरच्या ठिपक्यांसाठी हळहळावे असे काही नव्हते. हरलो तर राग यायचा तो स्वतःचा.

मग विल क्राउदर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५-७६ च्या सुमारास एक निराळाच खेळ लिहिला. क्राउदर गुहा धुंडाळण्याचे शौकीन. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. घटस्फोटानंतर आपल्या दोन मुलींशी खेळता यावे म्हणून त्यांनी ती गुहा संगणकात उतरवली. हाच 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर'. पुढे १९७७ साली डॉन वुड्स यांनी तो वाढवला.

या खेळात चित्र एकही नव्हते. संगणक वर्णन छापी: तू अमुक ठिकाणी उभा आहेस, समोर अमुक वाट आहे. खेळणाऱ्याने 'दिवा घे', 'उत्तरेला जा' असे एक-दोन शब्दांत लिहायचे आणि संगणकाने पुढे काय झाले ते सांगायचे. हा 'तू' फार महत्त्वाचा. कादंबरीत आपण नायकाची हकीकत वाचतो. येथे हकीकत वाचणाऱ्याचीच. गुहेत आपण पोहोचलो होतो. आता तेथे भेटणारे कोणीतरी हवे होते.

फ्लॉइड

१९८३ साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या नव्या कंपनीने एक जाहिरात दिली. तिच्या मथळ्यातच प्रश्न होता: संगणक तुम्हांला रडवू शकेल का? त्या वेळी हा प्रश्न काहींना हास्यास्पद वाटला असेल. पण दुसऱ्याच एका कंपनीने त्याच वर्षी त्याचे उत्तर देऊन टाकले. ही कंपनी इन्फोकॉम, खेळाचे नाव 'प्लॅनेटफॉल' आणि लेखक स्टीव्ह मेरेट्स्की.

हाही केवळ शब्दांचा खेळ. खेळणारा अवकाशदलातील अगदी खालच्या हुद्द्यावर आहे. फरशी पुसणे हे त्याचे काम. यानात स्फोट होतो आणि तो एका निर्जन ग्रहावर येऊन पडतो. तेथे रिकाम्या इमारती, बंद पडलेली यंत्रे आणि हळूहळू ग्रासणारा आजार. एका खोलीत त्याला निपचित पडलेला एक यंत्रमानव सापडतो. तो चालू केल्यावर काही वेळाने जागा होतो आणि खेळणाऱ्यामागोमाग हिंडू लागतो. हाच फ्लॉइड.

फ्लॉइड लहान मुलासारखा आहे. तो मध्येच काहीतरी बडबडतो, लपंडाव खेळूया म्हणतो, कंटाळतो, खिदळतो. खेळणाऱ्याने पुढचे संकट ओळखून खेळ जतन करून ठेवला, तर फ्लॉइड उत्साहाने विचारतो की आता आपण काही धोक्याचे करणार आहोत का! एका छोट्या भोकातून माणसाला जाता येत नाही, तेथे शिरून तो हवी ती वस्तू आणून देतो. तासन्तास एकट्याने काढलेल्या त्या ग्रहावर हीच एक सोबत.

मग एका प्रयोगशाळेचे दार येते. आत भयंकर प्राणी मोकाट सुटले आहेत, आणि ग्रह वाचवण्यासाठी लागणारी एक पट्टी आतच आहे. फ्लॉइड म्हणतो, मी जातो. आता पुढे काय होते ते नीट पाहा. दार उघडण्याची आज्ञा खेळणाऱ्याला स्वतः टंकावी लागते. फ्लॉइड आत धावतो. लगेच दार बंद करण्याची आज्ञाही खेळणाऱ्यालाच टंकावी लागते. नाहीतर प्राणी बाहेर येतील. मग वाट पाहायची. आतून आवाज येत राहतात. अखेर दारावर थाप पडते. पुन्हा दार उघडायचे. फ्लॉइड पट्टी घेऊन बाहेर येतो, पण त्याच्या चिंध्या झालेल्या असतात. थोड्याच वेळात खेळणाऱ्याच्या मांडीवर, त्याने म्हटलेले एक गाणे ऐकत, फ्लॉइड थांबतो.

अनेक खेळणाऱ्यांनी हा प्रसंग आयुष्यभर लक्षात ठेवला. खेळांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनीही तो पुन्हापुन्हा उदाहरणादाखल घेतला आहे. आणि हे सारे कशात मावले होते? त्या काळी इन्फोकॉमच्या अशा खेळाची आज्ञावली, मजकूर धरून, १२८ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. आजच्या मोबाइलने काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा घेतो.

आता विचार करू. फ्लॉइडची गोष्ट पुस्तकात वाचली असती तरी वाईट वाटले असते. मग खेळाने काय वेगळे केले? पुस्तकात फ्लॉइडवर दार लेखकाने बंद केले असते. येथे ते आपण केले. आपल्या बोटांनी एकेक अक्षर दाबून केले. कथेतील दुःखाला येथे जबाबदारीची जोड मिळाली. खेळ पूर्ण करणाऱ्याला शेवटी फ्लॉइड दुरुस्त होऊन परत भेटतो. पण दारापाशी काढलेली ती मिनिटे विसरली जात नाहीत.

खिशातले पिल्लू

जबाबदारीचे हे सूत्र कथा जवळजवळ काढून टाकली तरी चालते का? जपानमध्ये हा प्रयोग नकळत झाला. नोव्हेंबर १९९६ मध्ये बांदाई कंपनीने 'तामागोची' बाजारात आणले. अंड्याच्या आकाराचे, तीन बटणांचे एक खेळणे. छोट्या पडद्यावर ठिपक्यांनी बनलेले एक पिल्लू. ते भूक लागली की पिपाणीसारखा आवाज करी. त्याला भरवायचे, त्याची घाण काढायची, आजारी पडले तर औषध द्यायचे. खेळ थांबवून ठेवण्याची वेगळी कळ नव्हती. दुर्लक्ष केले की पिल्लू मरे.

मुले ही खेळणी शाळेत आणू लागली, वर्गात पिपाण्या वाजू लागल्या आणि अनेक देशांतील शाळांनी त्यांवर बंदी घातली. काही मुले शाळेत जाताना ते पिल्लू आईकडे सोपवून जात. ते मेले की खरोखर रडत. एमआयटीतील समाजशास्त्रज्ञ शेरी टर्कल यांनी मुले आणि अशी यंत्रे यांच्या नात्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. ज्याची आपण काळजी घेतो त्याच्यावर आपला जीव जडतो; आणि यंत्राने काळजी घ्यायला लावली की तेथेही तेच घडते. आधी माया आणि मग सेवा, असा क्रम आपण धरून चालतो. पुष्कळदा तो उलटा असतो.

रिकामी झालेली जागा

तामागोचीनंतर दोनच महिन्यांनी, ३१ जानेवारी १९९७ रोजी, जपानमध्येच 'फायनल फँटसी ७' हा खेळ आला. प्लेस्टेशन यंत्रासाठीच्या तीन तबकड्यांवर मावणारी ही मोठी कथा. खेळणारा एका छोट्या टोळीचे नेतृत्व करतो. लढाई तिघांनी मिळून लढायची. टोळीत एरिथ नावाची फुले विकणारी तरुणी आहे. (पुन्हा एक फुलराणी!) जखमा बऱ्या करणे ही तिची खास विद्या. म्हणून बहुतेक खेळणारे तिला कठीण प्रसंगी सोबत घेत, तिला चांगली शस्त्रे देत, तिचे सामर्थ्य वाढवण्यासाठी कित्येक तास घालवत.

पहिली तबकडी संपत येते आणि एरिथ मारली जाते. लढाईत हरून नव्हे; खेळणाऱ्याला काही करण्याची संधी न देता, एका क्षणात. त्यानंतर लगेच लढाई सुरू होते, पण नेहमीचे आवेशाचे संगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी रचलेली एरिथची संथ धूनच लढाईभर चालू राहते. पुढे दोन तबकड्यांचा खेळ शिल्लक असतो आणि त्यात एरिथची जागा रिकामी राहते.

खेळाचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी नंतर मुलाखतीत याचे कारण सांगितले. चित्रपटांत मरण त्यागाचे आणि भव्य असते. खऱ्या आयुष्यात ते अचानक येते आणि मागे एक पोकळी ठेवून जाते. ती पोकळी त्यांना दाखवायची होती.

ही पोकळी नुसती मनात नव्हती. खेळाच्या हिशेबातही ती होती. जखमा बऱ्या करणारी गेली म्हणजे पुढची प्रत्येक लढाई नव्याने मांडावी लागली. तिच्यावर घालवलेले तास परत मिळणार नव्हते. घरातले माणूस गेल्यावर त्याची उणीव रोजच्या कामांत जाणवते, तसेच काहीसे. एरिथला परत आणण्याची गुप्त युक्ती खेळात दडली आहे, अशा अफवा वर्षानुवर्षे पसरत राहिल्या आणि लोक ती शोधत राहिले. युक्ती नव्हतीच. या खेळाची नवी आवृत्ती भागाभागांनी निघाली. तिचा दुसरा भाग २०२४ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा हा प्रसंग कसा दाखवतील याची चर्चा जगभर चालली होती. सत्तावीस वर्षांनंतर!

आणि मूळ खेळातली चित्रे? ठोकळे जोडून केल्यासारखी माणसे, मुठीसारखे हात. पात्रांना आवाजसुद्धा नव्हता; संवाद चौकटीत वाचावे लागत. हायडर आणि सिमेल यांच्या त्रिकोणांहून हे पुष्कळच होते.

हात धरण्याची कळ

२००१ साली फुमितो उएदा यांचा 'इको' हा खेळ आला. उएदा यांची पद्धत वजाबाकीची: खेळातून जे काढता येईल ते काढत जायचे. येथे बलाढ्य शस्त्रे नाहीत, गुण नाहीत, संवाद जवळजवळ नाहीत. कपाळावर शिंगे असलेला इको नावाचा मुलगा एका ओसाड किल्ल्यात कोंडला जातो. तेथे त्याला योर्दा नावाची मुलगी भेटते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

खेळणाऱ्याने करायचे काय, तर तिचा हात धरून तिला बाहेर न्यायचे. त्यासाठी नियंत्रकावरची एक कळ दाबून धरावी लागते. बोट उचलले की हात सुटला. धावताना तिला ओढ बसली की हातातला नियंत्रक थरथरतो. सावल्यांसारखे प्राणी तिला पळवायला येतात, म्हणून तिला फार वेळ एकटी सोडता येत नाही. कथा अशा रीतीने बोटात उतरते. पुढे एका टप्प्यावर दोघांची ताटातूट होते आणि इको एकटा चालू लागतो. त्या कळीला आता काम नसते. योर्दा नाही, हे सांगायला पडद्यावर एकही वाक्य लागत नाही. खेळणाऱ्याचे रिकामे बोटच ते सांगते.

काहीच करता येत नाही तेव्हा

कृतीतून नाते जडते, हे आपण पाहिले. मग कृती हिरावून घेतली तर? २०१६ च्या जानेवारीत 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याने सहकाऱ्यांबरोबर तो बनवला. त्यांचा मुलगा जोएल एक वर्षाचा असताना त्याला कर्करोग असल्याचे निदान झाले. खेळाचे काम सुरू झाले तेव्हा जोएल जिवंत होता. २०१४ साली, पाच वर्षांचा असताना, तो गेला.

या खेळात रुग्णालयातील एका रात्रीचा प्रसंग आहे. मुलगा तहानेने रडतो आहे. खेळणारा बापाच्या जागी आहे. तो मुलाला उचलून घेतो, फेऱ्या मारतो, पाणी देऊ पाहतो. पण कशानेही रडणे थांबत नाही. प्रत्येक खेळाने आपल्याला एक सवय लावलेली असते: योग्य कळ सापडली की संकट टळते. येथे अशी कळच नाही. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढलेल्या कोणत्याही आईबापाला ही असहायता समजावून सांगण्याची गरज नाही. पण ज्याने ती अनुभवली नाही, त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचा हा एक नवा मार्ग होता, आणि तो केवळ खेळालाच शक्य होता.

फसवणूक की सहृदयता?

आता वायझेनबाउम यांच्या शंकेकडे वळू. जे नाहीच त्याच्यासाठी रडणे, ही स्वतःची फसवणूक नव्हे काय?

आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा एक रस मानला आहे. रंगमंचावरचे दुःख नटाचे खोटे दुःख आहे, हे ठाऊक असूनही प्रेक्षकाचे डोळे का भरतात आणि तरी तो ते नाटक पाहायला पुन्हा का येतो, यावर भट्टनायक, अभिनवगुप्त यांच्यासारख्या आचार्यांनी खोल विचार केला. असा प्रेक्षक फसलेला नसतो. तो 'सहृदय' असतो. नाटकात नट आणि प्रेक्षक वेगळे असतात. व्हिडिओ खेळात एकच माणूस दोन्ही असतो, एवढा फरक. तोच रंगमंचावर चालतो आणि तोच पाहून व्याकूळ होतो.

तेव्हा मुलाचे दुःख खरे आहे, असेच आम्हांला वाटते. ज्याच्यासाठी ते झाले ते पात्र कल्पित आहे, आणि मुलालाही ते माहीत आहे. त्या मुलाने कोणाची तरी काळजी घेतली होती. ज्या मनाला ते जमते ते मन माणसांतही उपयोगी पडेल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. मात्र खेळ खेळून मुले आपोआप दयाळू होतात, असे विधान आम्ही करणार नाही.

पण वायझेनबाउम यांची शंका निकालात निघाली असेही नाही. फ्लॉइडची कथा संपते. नाटकाचा पडदा पडतो, आपण डोळे पुसून घरी जातो. जे यंत्र संपतच नाही, 'जाऊ नको' म्हणते, काळजी घ्यायला लावून मग पैसे मागते, त्याचे काय? आज काही मोबाइल खेळ मुलांच्या मायेवरच आपली कमाई उभी करतात. २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेली संभाषण करणारी यंत्रे एलायझापेक्षा कितीतरी पटींनी चांगले बोलतात, आणि एकटी मुले त्यांच्याजवळ मन मोकळे करतात. ती बाई खोलीबाहेर जायला सांगत होती, तोच हा प्रसंग, पण आता घराघरांत. भावना खरी असते म्हणूनच तिचा कोणी गैरफायदा घेत नाही ना, हे पाहावे लागते.

हे वर्गात उपदेश करून सांगण्यापेक्षा करून दाखवता येईल. जाड कागदाचे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ कापून घ्या. टेबलावर ते एक मिनिटभर काही न बोलता सरकवा आणि मुलांना काय दिसले ते लिहायला सांगा. मग प्रत्येकाला आपल्या लिखाणातले असे शब्द अधोरेखित करायला सांगा, जे आकृत्यांत नव्हते आणि मनातून आले: 'घाबरले', 'चिडला', 'मदत केली'. नंतर एलायझाचा खेळ खेळा. एका मुलाने एलायझा व्हायचे आणि ठरलेल्या पाच-सहा नियमांबाहेर काहीही बोलायचे नाही. यंत्राचे किती आणि आपले किती, याचा हिशेब मुले स्वतःच मांडतील. असा हिशेब एकदा केलेल्या मुलाला फसवणे सोपे जाणार नाही.

आणि तो संध्याकाळभर गप्प बसलेला मुलगा? 'गेमच आहे ना' असे म्हणून त्याला गप्प करण्याऐवजी त्याच्याजवळ बसून विचारता येईल, "कोण होता रे तो? त्याच्यासाठी तू काय काय केलं होतंस?" उत्तराला थोडा वेळ लागेल. तेवढे थांबावे.